चौथऱ्यावर सगळे, वर एकटा: ग्रेव्हसेंडच्या वैमानिकाच्या पुतळ्याचं प्रकरण

थेम्स नदी लंडन मागे टाकून समुद्राकडे निघाली की केंट परगण्यात, तिच्या दक्षिण काठावर ग्रेव्हसेंड लागतं. नदी इथे चांगलीच रुंद झालेली असते, भरती-ओहोटी पाळते. काठाला लागून सेंट अँड्र्यूज गार्डन्स नावाची बाग आहे आणि त्या बागेत एक शीख वैमानिक ब्राँझमध्ये उभा आहे. डोक्यावर पगडी, अंगावर हवाई दलाचा वेश. नाव स्क्वाड्रन लीडर महिंदर सिंग पुज्जी, डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस (डीएफसी) या ब्रिटिश हवाई शौर्यपदकाचे मानकरी. शिल्पकार डग्लस जेनिंग्ज. अनावरण 28 नोव्हेंबर 2014 रोजी झालं.

पुतळ्यासोबतचा अर्पणलेख मात्र पुज्जींच्या पराक्रमाबद्दल बोलत नाही. 1914 ते 2014 या काळातल्या सगळ्या संघर्षांत जगाच्या कानाकोपऱ्यातून येऊन ज्यांनी ब्रिटनच्या जोडीने सेवा बजावली त्यांच्या स्मरणार्थ, असा त्याचा आशय आहे. म्हणजे पुतळा एकाचा आणि स्मरण शंभर वर्षांतल्या लक्षावधींचं. त्यात 2014 हे पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीचं वर्ष आणि पुज्जींचा जन्म त्या युद्धाच्या अखेरीस, ऑगस्ट 1918 मधला. ज्या युद्धाची शताब्दी, त्यात ज्याने भाग घेतला नाही अशा माणसाचा चेहरा.

स्मारकांच्या कामात रस असलेल्या कुणालाही हा विचित्र मेळ वाटेल. मलाही प्रथम तसंच वाटलं होतं. पण प्रकरण नीट उलगडून पाहिल्यावर माझं मत बदललं. गावाने चेहरा निवडला ते अगदी योग्य केलं, आणि अर्पणलेखात मात्र ते कमी पडलं, अशा निष्कर्षाला मी आलो. तो कसा, ते इथे मांडतो.

माणूस कोण होता

14 ऑगस्ट 1918 ला सिमल्यात जन्म. वडील सरकारी अधिकारी. शिक्षण कायद्याचं, पण ओढ विमानाची. विशीच्या आतच दिल्ली फ्लाइंग क्लबमध्ये उड्डाण शिकून परवाना मिळवला. त्या काळात भारतात विमान चालवायचा परवाना खिशात असणारे तरुण बोटांवर मोजण्याइतके. हिमालय एअरवेजमध्ये काही काळ वैमानिक, मग बर्मा शेल कंपनीत चांगली नोकरी.

1940 च्या उन्हाळ्यात ब्रिटनला वैमानिकांची चणचण भासू लागली. भारतातल्या परवानाधारक वैमानिकांना बोलावणं गेलं आणि त्यांच्यातून 24 जणांची पहिली तुकडी निवडली गेली. हे चोवीस जण ऑक्टोबर 1940 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले. त्यातले काही पुढे युरोपातच मारले गेले. पुज्जी वाचले, आणि हे वाचणं किती थोडक्यातलं होतं ते पुढे येईलच.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. पुज्जींना कुठे कुठे ‘बॅटल ऑफ ब्रिटन’चे, म्हणजे 1940 मध्ये ब्रिटनच्या आकाशात जर्मन हवाई दलाशी झालेल्या लढाईचे, वैमानिक म्हटलं जातं. ते बरोबर नाही. ती लढाई अधिकृत व्याख्येनुसार 31 ऑक्टोबर 1940 ला संपली आणि तेव्हा पुज्जी नुकते बोटीवरून उतरले होते. त्यांची लढाऊ कारकीर्द 1941 मध्ये सुरू झाली, आधी 43 आणि मग 258 स्क्वाड्रनमध्ये, हॉकर हरिकेन विमानावर. काम होतं इंग्लिश खाडी ओलांडून जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सवर झेप घ्यायची आणि लढून परत यायचं. एवढं पुरेसं आहे. जे त्यांनी केलं नाही ते त्यांच्या नावावर चढवायची काहीच गरज नाही, आणि ज्यांना असा माणूस परका वाटतो त्यांच्या हाती अशी एखादी चूक लागली की बाकी सगळं खरं असूनही संशयात येतं.

आता पगडी. हरिकेनच्या कॉकपिटमध्ये एकटा माणूस बसतो. कानावर हेडफोन, तोंडाशी ऑक्सिजनचा मास्क, आणि हे सगळं चामड्याच्या घट्ट टोपीला जोडलेलं. ती टोपी घालायची तर पगडी काढावी लागणार. पुज्जींनी काढली नाही. शेवटी हेडफोन पगडीवरून बसेल असा खास पट्टा करून घेतला गेला. युद्ध ऐन भरात असताना जगातल्या एका बलाढ्य हवाई दलाने एका पंचवीशीच्या आतल्या पोरासाठी पट्टा बदलला. पुज्जी वरून जादा पगडीही जवळ ठेवायचे, विमान पडून शत्रूच्या हाती लागलोच तर डोकं उघडं नको म्हणून.

आणि विमान पडलंच. खाडीवर मेसरश्मिट या जर्मन लढाऊ विमानाने त्यांचं हरिकेन जायबंदी केलं. नियमाप्रमाणे पॅराशूटने पाण्यात उडी मारायची. पण पुज्जींना पोहता येत नव्हतं. म्हणून ते त्या मोडक्या विमानातच बसून राहिले, ते हळूहळू ओढत डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांपर्यंत आणलं आणि तिथे आदळवलं. विमानाने पेट घेतला. लोकांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. डोक्याला जीवघेणी इजा झाली नव्हती, कारण मधे कापडाचे थरावर थर होते. जी पगडी काढा म्हणून सांगायची वेळ आली होती तिनेच डोकं वाचवलं. काही दिवस दवाखान्यात काढून ते पुन्हा विमानात चढले.

पुढे उत्तर आफ्रिकेतलं वाळवंट आणि मग ब्रह्मदेश. वाळवंटात शिधा म्हणून डबाबंद गोमांस मिळायचं. ते त्यांना खाता येईना, तेव्हा बिस्किटांवर दिवस काढले. ब्रह्मदेशात जपानी फौजांच्या मागावर हरिकेनमधून टेहळणी. डीएफसी मिळाला तो याच कामासाठी, 1945 मध्ये. मानपत्रात विशेष उल्लेख आहे पावसाळ्याचा: बऱ्याचदा पावसाळ्याच्या खराब हवेत शत्रूच्या प्रदेशावर वारंवार जाऊन सैन्याच्या हालचाली आणि विमानतळांची माहिती आणली, आणि त्या माहितीच्या जोरावर भर पावसाळ्यातही हवाई हल्ले चालू ठेवता आले. तिथला पाऊस आणि तिथले डोंगर ज्याने पाहिलेत त्याला या एका ओळीचं वजन कळेल. टेहळणीच्या वैमानिकाच्या खात्यावर पाडलेल्या विमानांचा आकडा जमा होत नाही. त्याने आणलेल्या बातमीवर इतर माणसं जगतात, आणि बहुतेकदा त्यांना हे कळतही नाही.

युद्ध संपल्यावर क्षयाने गाठलं. डॉक्टरांनी महिने मोजून सांगितले होते, पण त्यातूनही ते उठले आणि भारतात विमानतळाच्या प्रशासनात काम केलं. 1974 मध्ये ब्रिटनला आले आणि 1998 पासून ग्रेव्हसेंडला राहिले. 18 सप्टेंबर 2010 ला, वयाच्या 92 व्या वर्षी तिथेच गेले. शेवटची बारा वर्षं ते या गावचे होते. हा तपशील साधा वाटतो, पण पुतळ्याच्या प्रकरणात तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरला असं मला वाटतं.

गाव कसं आहे

ग्रेव्हसेंड ज्या ग्रेव्हशॅम बरोमध्ये (स्थानिक प्रशासनाच्या विभागात) येतं त्याची लोकसंख्या जेमतेम लाखभर. पण बाहेरून आलेल्या माणसांचं स्मारक या गावाला नवीन नव्हतं. सेंट जॉर्ज चर्चच्या आवारात पोकाहाँटसचा पुतळा आहे. ही अमेरिकेतल्या पोव्हाटन लोकांच्या प्रमुखाची मुलगी, इंग्लंडहून मायदेशी परतायला निघाली आणि मार्च 1617 मध्ये इथेच तिचा अंत झाला. पुतळा 1958 चा, व्हर्जिनियातल्या जेम्सटाऊनच्या पुतळ्याची प्रतिकृती. दुसरा पुतळा जनरल चार्ल्स गॉर्डनचा. हा साम्राज्याचा सेनानी थेम्सकाठच्या किल्ल्यांच्या बांधकामासाठी 1865 ते 1871 इथे राहिला आणि पुढे खार्टूममध्ये मारला गेला. साम्राज्याने दूर देशी पाठवलेला एक आणि दूर देशाहून आणलेली एक, दोघंही एका गावात.

बागेतून नदीकडे पाहिलं की पैलतीरावर टिलबरीचं बंदर. 22 जून 1948 ला ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन बेटांवरची माणसं जिथे उतरली तेच टिलबरी. त्यांच्यातले कित्येक जण युद्धात ब्रिटिश हवाई दलात राबून गेलेले होते. पुतळ्याची जागा निवडताना हे कुणी मनात धरलं होतं का, यात मी शिरत नाही. पण जगभरातून आलेल्यांचं स्मरण करायला या काठापेक्षा चांगली जागा केंटमध्ये शोधून सापडणार नाही.

गावाच्या आग्नेयेला युद्धकाळात लढाऊ विमानांचा तळ होता. 1940 मध्ये तिथून हरिकेन आणि स्पिटफायर उडायची. त्या गवताळ धावपट्टीच्या जागी आज वस्ती आहे. आणि 1950 च्या दशकापासून पंजाबातून आलेली शीख कुटुंबं कारखान्यांत आणि बांधकामावर कामाला लागून इथे स्थिरावली. 2011 च्या जनगणनेत ग्रेव्हशॅममधले शंभरातले सात-आठ जण शीख होते. गुरू नानक दरबार हा युरोपातल्या मोठ्या गुरुद्वारांपैकी एक इथे नोव्हेंबर 2010 मध्ये खुला झाला, पुज्जी गेल्यानंतर दोन महिन्यांनी.

तर असं हे गाव. विमानांचा इतिहास एका बाजूला, शीख वस्ती दुसऱ्या बाजूला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे दाखवणारा माणूस त्यांच्याच गल्ल्यांतून बारा वर्षं चालत होता.

चेहरा का हवा

शंभर वर्षांतल्या सगळ्यांचं स्मारक करायचं तर सोपा मार्ग म्हणजे दगडी स्तंभ किंवा भिंत. कुणी रुसत नाही, कुणी राहून गेला म्हणत नाही. ग्रेव्हसेंडने हा मार्ग सोडला. तो सोडणं का योग्य, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नावं सांभाळायला 1917 मध्ये एक आयोग नेमला गेला. आजचा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन तो हाच. हुद्दा, जात, धर्म न पाहता प्रत्येकाला सारखा मान आणि प्रत्येकाचं नाव, हे त्याचं तत्त्व. पश्चिम युरोपात ते पाळलं गेलं. बाकी ठिकाणी काय झालं ते आयोगानेच 2021 मध्ये अहवाल काढून कबूल केलं. 45,000 ते 54,000 मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं होतं, आणि किमान 1,16,000 जण, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी नोंदले गेले नव्हते किंवा त्यांची आठवणच ठेवली गेली नव्हती. हे बहुतेक आफ्रिका, मध्यपूर्व आणि भारतातले लोक. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि भारतीय शिपायांचा पलटणीनिहाय आकडा टाकला.

आकडा. नाव नव्हे. ज्या घरातून माणूस गेला त्या घराला त्या भिंतीसमोर उभं राहून बोट ठेवायला जागा नाही.

म्हणून ‘सगळ्यांचं मिळून एक’ या तऱ्हेच्या स्मारकाबद्दल मला मुळातच धास्ती वाटते. आपल्या माणसांच्या वाट्याला ते ‘सगळे’ होणंच जास्त आलंय. बिननावाचा आणखी एक स्तंभ उभा राहिला असता तर त्याच जुन्या सवयीत भर पडली असती. ग्रेव्हसेंडने तिला उलट वळण दिलं: आधी एक माणूस, त्याचं नाव, त्याचं नाक-डोळे, त्याची पगडी, आणि मग त्याच्या आधाराने बाकीचे. महायुद्ध पहिलं की दुसरं हा प्रश्न त्यापुढे दुय्यम ठरतो.

सिमल्याचा दुसरा

तुलनेसाठी एक उदाहरण घेतो, कारण योगायोग विलक्षण आहे. पुज्जींच्या दोन दिवस आधी, 12 ऑगस्ट 1918 ला, त्याच सिमल्यात आणखी एक वैमानिक जन्मला: गाय गिब्सन, ब्रिटिश अधिकाऱ्याचा मुलगा. याने मे 1943 मध्ये 617 स्क्वाड्रनचं नेतृत्व करत जर्मनीतली म्योने आणि एडर ही धरणं फोडली. 19 लँकेस्टर बॉम्बर विमानं गेली, 8 परतली नाहीत, 53 जण मेले. धरणाखालच्या पुरात हजाराहून जास्त माणसं वाहून गेली, त्यात वेठीला धरून आणलेले परदेशी कामगार मोठ्या संख्येने होते. गिब्सनला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

19 सप्टेंबर 1944 च्या रात्री एका मोहिमेवरून परतताना त्याचं मॉस्किटो विमान नेदरलँड्समधल्या स्टीनबर्गेन या छोट्या गावाजवळ कोसळलं. सोबत दिशादर्शक जेम्स वॉरिक होता. गाव अजून जर्मनांच्या ताब्यात. विमानाच्या राखेतून हाती फार थोडं लागलं. वॉरिकची ओळख बिल्ल्यावरून पटली. दुसरा माणूस कोण, याचा धागा मिळाला तो एका मोज्यावरच्या धोब्याच्या खुणेतून. ज्याचं नाव सगळ्या ब्रिटनला पाठ होतं त्याची शेवटची ओळख एका मोज्याने दिली. गावकऱ्यांनी दोघांना आपल्या कॅथलिक दफनभूमीत पुरलं. आज गावात गिब्सनच्या नावाचा रस्ता आहे, आणि वॉरिकच्या नावाचाही.

या ‘ही’मध्येच स्टीनबर्गेनचं शहाणपण आहे. जगाला गिब्सन माहीत होता, पण गावाच्या मातीत दोघं पडले होते. तेव्हा गावाने दोघांची नावं लावली. तिथे पोस्टमन रोज वॉरिकचं नाव वाचतो.

ग्रेव्हसेंडची गोष्ट नेमकी उलटी. स्टीनबर्गेनला आकाशातून पडलेला परका मिळाला आणि त्याने त्याला आपला केला. ग्रेव्हसेंडकडे बाजारातून चालत जाणारा एक म्हातारा शेजारी होता आणि तो कोण, हे बाहेरच्या जगाला सांगायची वेळ तो गेल्यावर आली. पुज्जींनी हयातीत मुलाखतींमधून ही खंत बोलून दाखवली होती, की युद्धाच्या समारंभांत आणि चित्रपटांत भारतीय कुठे दिसतच नाहीत. 2009 मध्ये एका कडव्या स्थलांतरविरोधी पक्षाने प्रचाराला स्पिटफायरचं चित्र वापरलं, तेव्हाही नव्वदीतले पुज्जी त्यावर जाहीर बोलले. चित्रातलं ते विमान तर पोलिश वैमानिकांच्या 303 स्क्वाड्रनचं निघालं. परक्यांना हाकला म्हणणाऱ्यांनी परक्यांचंच विमान मिरवलं.

पगडीचं काम

पुतळ्यात मला सगळ्यात बोलकी वाटते ती पगडीच. दुरून, चौथरा न वाचता, सहज चालत जाणाऱ्यालाही ती जे सांगायचं ते सांगते. शिल्पकाराला वेगळं प्रतीक शोधावं लागलं नाही.

पण तिच्यामागे एक कडवट इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय हे प्रकरण अर्धवट राहील. युद्धकाळात हवाई दलाने जिच्यासाठी पट्टा बदलला तीच पगडी 1967 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन शहरातल्या बसवर चालेना. पगडी आणि दाढी ठेवून कामावर आलेल्या शीख चालकाला परत पाठवलं गेलं. मोर्चे निघाले, प्रकरण दोन वर्षं तापलं आणि एप्रिल 1969 मध्ये बंदी उठली. मोटरसायकलवर हेल्मेटऐवजी पगडी घालायची मुभा मिळायला 1976 चा कायदा यावा लागला, आणि त्या मागणीच्या बाजूने मांडलेला एक मोठा मुद्दा हाच होता, की दोन्ही महायुद्धांत शीख पगडी बांधूनच लढले. पुज्जी ब्रिटनला आले ते 1974 मध्ये, म्हणजे या सगळ्या वादाच्या मधोमध. डोव्हरच्या कड्यावर ज्याचं डोकं पगडीने वाचवलं तो माणूस, पगडी सुरक्षित की नाही यावर वाद घालणाऱ्या देशात राहायला आला होता.

पुतळ्याने हा वाद मिटवला असं मी म्हणणार नाही. पण त्या बागेत खेळणाऱ्या शाळकरी पोराला आता कुणी विचारलं की तू डोक्याला काय बांधलंय, तर त्याला बोट दाखवायला जागा आहे.

अर्पणलेख

आता माझी तक्रार. ‘ब्रिटनच्या जोडीने सेवा’ हे शब्द ऑस्ट्रेलिया-कॅनडाला शोभतात, पोलंडच्या वैमानिकांनाही शोभतात. भारताला ते जसेच्या तसे बसत नाहीत. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं ते इथल्या एकाही निवडून आलेल्या नेत्याला न विचारता. त्याच वर्षी काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. आणि तरी युद्ध संपेपर्यंत सुमारे 25 लाख भारतीय सैन्यात होते, सगळे स्वेच्छेने भरती झालेले, आणि 87,000 च्या आसपास मेले. कुणी पोटासाठी गेला, कुणी घराण्याची रीत म्हणून, कुणी नाझींच्या विरोधात, कुणी विमान उडवायला मिळेल म्हणून. मित्र म्हणून जोडीने उभं राहणं वेगळं आणि राज्यकर्त्याच्या हाकेला जाणं वेगळं. लेखात हा फरक दोन शब्दांनी दाखवता आला असता. ‘ब्रिटनच्या जोडीने’च्या जागी ‘ब्रिटनसाठी आणि ब्रिटनच्या जोडीने’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

याने पुज्जींच्या धैर्याला काही बाध येत नाही. उलट ते वाढतं. स्वतंत्र देशाच्या नागरिकाने आपलं घर राखायला लढणं समजण्यासारखं आहे. दुसऱ्याच्या अमलाखालच्या तरुणाने हातातली चांगली नोकरी सोडून, पोहता येत नसताना, रोज इंग्लिश खाडीवरून उडायचं, हे जास्त अवघड आहे आणि वाचणाऱ्याला ते कळायला हवं.

पुढची काळजी

वॉर ग्रेव्ह्ज आयोगाच्या जबाबदारीत दुसऱ्या महायुद्धासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातले सेवेतले मृत्यू येतात. त्यामुळे गिब्सन आणि वॉरिकच्या कबरींची निगा कायम राहील. फ्रान्समधल्या एस्तेव्हेल या खेड्यात इंद्रलाल रॉय या कोलकात्याच्या पोराची कबर आहे. जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानं पाडून तो वीस वर्षांचाही नसताना मारला गेला. डीएफसी मिळवणारा पहिला भारतीय तो. त्याच्या दगडावर बंगाली अक्षरं आहेत आणि तीही आयोग सांभाळतो. पुज्जी मात्र म्हातारे होऊन गेले. त्यांच्या पुतळ्यामागे असला कायमचा आधार नाही. ब्राँझला नदीकाठची दमट खारी हवा बाधते, पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते, ती साचली की पृष्ठभागावर डाग खात जाते. उपाय सोपा आहे: दरवर्षी सौम्य धुणं आणि मेणाचा पातळ हात. कडक रसायनं किंवा घासणी लावली की वरचा पापुद्रा जातो आणि पुतळा कायमचा बिघडतो. हे काम गावाचंच, आणि ते पिढ्यान् पिढ्या करायचं तर दरवर्षीची एक ठरलेली तारीख हवी. मला विचारलं तर 14 ऑगस्ट. त्यांचा जन्मदिवसही आहे आणि इंग्लंडमध्ये तेव्हा उन्हाळा असतो, मेण नीट बसतं.

आणि त्याच दिवशी करण्यासारखं आणखी एक काम आहे. पुज्जी एकटे आले नव्हते. ऑक्टोबर 1940 मध्ये त्यांच्यासोबत आणखी तेवीस जण होते आणि त्यांची नावं हवाई दलाच्या कागदपत्रांत आहेत. लक्षावधींची नावं एका बागेत मावणार नाहीत हे मान्य. पण चोवीस म्हणजे दोन रकाने, बारा-बारा ओळी, वर एक तारीख. चौथऱ्याशेजारी गुडघाभर उंचीची एक पाटी पुरेल.